ढोलकीशेजारची जागा

बेस गिटार चार तारांची घ्यावी की पाच तारांची, या घोळात मी बेळगावच्या वाद्यांच्या दुकानात पुन्हा एकदा उभा होतो. व्हिडिओ बघून बघून सगळं पाठ झालं होतं, वाजवता मात्र काहीच येत नव्हतं. तेवढ्यात चाळिशीची एक बाई आत आली, खांद्याला ऑफिसची पर्स. तिनं चपला काढल्या, मला "अण्णा, जरा सरा," म्हणत फरशीवर मांडी घातली आणि एकेक गिटार मांडीवर घेऊन दोन्ही हात सोडून बघितले. पाच तारांच्या गिटारीचा जड दांडा लगेच खाली झुकला. आखूड दांड्याची, चार तारांची मात्र जागची हलली नाही.

"हीच द्या."

मी महिनाभर घुटमळत होतो, तिचं पाच मिनिटांत उरकलं.

"कधीपासून वाजवता?" मी जळूनच विचारलं.

"अजून एक सूर बी येत न्हाय. पर निपाणीला आमच्या भीमगीतांच्या पार्टीत सगळी खाली बसत्यात. ढोलकीशेजारी माझी जागा ठेवलीया."

माझ्याइतकीच नवखी, आणि जागा आधीच ठरलेली!

हेव्यापोटी मीही तसलीच घेतली. घरी मांडी घालून बसतो, हात सोडतो. दांडा झुकत नाही. पण "जरा सरा" म्हणावं, असं शेजारी कुणी नाही.