प्रश्न विचारणारा गट

नव्या शैक्षणिक धोरणाने आमच्या नाशिकच्या कॉलेजवर ‘आंतरविद्याशाखीय’ हा शब्द आणून आदळला, तेव्हा स्टाफरूममधल्या निम्म्या लोकांना तो एका दमात म्हणताही येत नव्हता. मला मात्र हुरूप आला. केमिस्ट्रीची मुलं माणसांशी बोलत नाहीत आणि अर्थशास्त्राच्या मुलांना माती कशाशी खातात ते ठाऊक नसतं, याचा मला कधीपासूनचा राग होता. मी निफाडजवळची एक द्राक्षबाग ठरवली. एक गट माती-पाणी तपासणार, दुसरा बाजाराचा अभ्यास करणार, तिसरा बागेत राबणाऱ्या बायकांशी बोलणार. नियम एकच, आपल्या विषयाचा गट कोणालाही मिळायचा नाही. हा नियम मीच काढला होता आणि त्यावर मी बेहद्द खूश होते.

बायकांशी बोलणाऱ्या गटात पडलेली केमिस्ट्रीची एक मुलगी मला भेटायला आली. पेठ तालुक्यातली, होस्टेलवर राहणारी.

“मॅडम, मला मातीच्या गटात टाका ना.”

कारण विचारलं तर नुसती मान खाली. मी म्हटलं, “अगं, तोच तर मुद्दा आहे. टेस्ट ट्यूब सोड, जरा माणसांत ये.”

बागेत तेव्हा थिनिंग चाललं होतं. घडातले जादा मणी कात्रीने काढायचे, म्हणजे उरलेल्यांना फुगायला जागा मिळते. पेठ-सुरगाण्याकडच्या बायका भातकापणी उरकली की या कामाला निफाडकडे येतात. ऊन आणि फवारणीच्या औषधापासून बचाव म्हणून डोळे सोडून सगळं तोंड फडक्याने बांधलेलं असतं. आमचा गट त्यांतल्या एकीपाशी थांबला. गटातल्या एका चुणचुणीत मुलाने विचारलं, “मावशी, तुमची मुलं काय करतात?”

कात्री न थांबवता ती म्हणाली, “एकच पोर हाय. नाशकाला कॉलेजात शिकते.”

सगळ्यांनी भराभरा लिहून घेतलं. पेठच्या मुलीनेही लिहिलं.

निघताना मुलं बसमध्ये चढत होती, तेव्हा तीच बाई तोंडाचं फडकं सोडत माझ्याजवळ आली. “बाई, ती निळ्या ड्रेसातली माझीच हाय. होस्टेलात नीट जेवते का? लय वाळलीय.” मी तोंड उघडायच्या आत पुढे म्हणाली, “तिनं वळख दावली नाय, मी बी नाय. पोरांना सांगू नका.”

निळ्या ड्रेसातली म्हणजे पेठची मुलगी. नाशिक येईपर्यंत मला मागे वळून तिच्याकडे बघवलं नाही.

पुढच्या आठवड्यात पाहुण्यांसमोर सादरीकरण झालं. त्या मुलाने मावशींचं उत्तर वाचून दाखवलं आणि वर स्वतःचं एक वाक्य जोडलं, शिक्षणाची गंगा बागेपर्यंत पोहोचली म्हणून. टाळ्यांचा कडकडाट झाला. पेठची मुलगी पहिल्या रांगेत बसली होती आणि तीही टाळ्या वाजवत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानंतर ती माझ्या तासाला दिसेना. ही पोरगी आता कॉलेज सोडते की काय, या धास्तीने मला घरी कशात लक्ष लागत नव्हतं.

शेवटी तिला बोलावून घेतलं. खरं तर तेव्हा फक्त माफी मागायची होती. पण आमची जात शिक्षकांची. मी म्हटलं, “तुझी आई बोलली माझ्याशी बागेत. हा तुझा स्वतःचा अनुभव आहे. तो लिहिलास तर प्रकल्पाला केवढं वजन येईल.”



“पुढच्या वर्षी वर्ग तुमच्या घरी न्या ना, मॅडम,” ती म्हणाली. “मुलं तुमच्या आईला विचारतील.”

आवाजात राग नव्हता. प्रॅक्टिकल आहे म्हणाली आणि गेली.

माझी आई गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये माझ्याजवळच असते. वह्या-पेनं घेतलेली अशी पोरं तिच्यासमोर येऊन उभी राहिली असती, तर मी त्यांना दारातूनच हाकलून लावलं असतं.