तिचा डावा हात

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, शेलार सरांजवळ तर मुळीच नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही — म्हणून असेल.

मी लोणावळ्यातल्या एका कॉलेजात पोहणं शिकवतो. उमेदीची सगळी वर्षं तलावाच्या काठावर शिट्टी फुंकण्यात गेली. आणि स्वभावाने मी पक्का संशयी. शिरगावला दर्शन घेऊन बाहेर आलो आणि चप्पल जागेवर सापडली, तरी मला वाटतं — ही आपलीच ना? बायको हसते. हसण्यासारखंच आहे म्हणा. पण त्या दिवशी —

थांबा, आधी शेलार सरांचं सांगतो. वडगावकडच्या कॉलेजचे ते कोच. स्पर्धेत भेटले की माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागायचा. हा माणूस एवढा गोड का बोलतो? चहा पाजतो, घरच्यांची चौकशी करतो — काय हवंय काय याला? त्यात आमच्याकडे पंच कमी पडले की कोचनाच उभं करायचे. ते आमच्या कॉलेजच्या पोरीच्या लेनवर, मी त्यांच्या कॉलेजच्या पोरीच्या, दोघंही शेजारी-शेजारी. ब्रेस्टस्ट्रोकला वळताना दोन्ही हात एकदम भिंतीला लागावे लागतात. एकच लागला तर पंचाने हात वर करायचा, की पोहणारी बाद. म्हणजे आमची पोरगी त्यांच्या हातात. बरोबर? मग माझा जीव थाऱ्यावर कसा राहावा?

त्यांच्या कॉलेजची सुनंदा नवलाख उंबरे गावातली. विहिरीत शिकलेली, पण काय पोहायची! बापाने तिला बजावलं होतं — विद्यापीठाच्या संघात निवड झाली तर पोह, नाहीतर कंपनीत लाग. आणि निवड व्हायची होती त्या दिवशीच्या शर्यतीतून. हे मला ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं.

शेवटच्या वळणाला ती आणि आमची पोरगी बरोबरीने आल्या. मी खाली भिंतीकडे बघायला हवं होतं. मी बघत होतो शेलारांकडे. हा आता दगा देणार — देणारच! आणि त्यांचा हात हलला. वर गेला. झटक्यात माझाही गेला.

त्यांनी चष्म्यावर उडालेलं पाणी पुसलं आणि हात खाली घेतला.

मी नाही घेतला. घेता आला असता की! 'चुकलं' एवढंच तर म्हणायचं होतं. मुख्य पंच आले. मी म्हणालो, एकच हात लागला. सुनंदा बाद झाली. शेलार भांडतील म्हणून मी कंबर कसून उभा. ते तिला एवढंच म्हणाले, "सरांनी बघितलंय ना, मग असेल." त्याचाही मला संशय आला — बघा, मी कसला माणूस!

थोड्या वेळाने ती टॉवेल गुंडाळून माझ्याकडे आली. डोळे लाल, पण तक्रार नाही. "सर, माजा कुटला हात मागं ऱ्हायला?"

काय सांगणार होतो? मी काही पाहिलंच नव्हतं.

"डावा," म्हणालो.

बस्स, हेच ते. हात घाईत वर गेला, असं मी स्वतःला समजावू शकलो असतो. त्या शब्दाला कसली घाई होती? तो मी जागच्या जागी बनवला, तिच्या तोंडाकडे बघत — अगदी शिकवल्यासारखा.

आमची पोरगी संघात गेली. सुनंदा कंपनीत लागली.

मागच्या उन्हाळ्यात ती आपल्या लेकीला घेऊन आमच्या तलावावर आली. लांबूनच ओळखलं मी. कळलं वाटतं हिला — शेलारांनीच पाठवली असणार! तिने वाकून नमस्कार केला, लेकीला पुढे केलं.

"हिच्या डाव्या हाताकडं जरा ध्यान ठिवा, सर. माज्यावानी नगं व्हायला."

मी म्हणालो, "ठेवतो."