परसातलं फाटक

आमच्या शेजारच्या गेटमनने चौतीस वर्षं रेल्वेच्या फाटकावर काढली. हजारो गाड्यांना झेंडी दाखवली, पण स्वतः गाडीत किती वेळा बसला, ते एका हाताच्या बोटांवर मोजावं. रजाच घेत नसे गडी. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी त्याला लेखीच दिलं, 'एकही खाडा नाही.' तो कागद चौकटीत घालून त्याने भिंतीवर लावला.

मग त्याने परसात स्वतःचीच रेल्वे घातली. वीतभर रुंदीचे रूळ, फळांच्या खोक्यांच्या फळ्यांचे स्लीपर, बॅटरीच्या सायकलची मोटर आणि दोन्ही बाजूंना पाय टाकून बसायची फळी. पाण्याच्या टाकीला वळसा घालून गाडी निघाल्या जागी परत. "कुठे जायचंच नाही म्हटल्यावर उशिराचा प्रश्न मिटला," असं मी म्हणालो. त्याला ते रुचलं नाही.

सगळं झकास जमलं होतं. फक्त स्वयंपाकघराच्या दारातून कपडे वाळत घालायच्या तारेकडे जाणारी वाट रुळांवरून जात होती. वाट आली म्हणजे फाटक आलं. त्याने बांबूचं फाटक बसवलं, त्यावर लाल-पांढरे पट्टे ओढले आणि तिथेच स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. नियम असा, की फाटकावर जाणता माणूस उभा असल्याशिवाय गाडी सुटत नाही. आणि जाणता माणूस एकच.

दीड महिन्यात सगळी आळी त्याच्या गाडीत बसून झाली. मीच सात फेऱ्या मारल्या. तो आपला झेंडी धरून फाटकावर, जाणाऱ्या गाडीकडे बघत.

"भाऊजी, मारा की एक फेरी. मी राहतो उभा," त्याचा मेव्हणा म्हणाला.

"तू मघाशी जांभई दिलीस."

मला तर त्याने पहिल्याच परीक्षेत नापास केलं. गाडी समोर असताना मी कान खाजवला होता.

"अरे, मग वहिनींना सांग," मी म्हणालो.

तो झेंडी उलगडून पुन्हा गुंडाळू लागला, वहिनींचं नाव काही घेईना. कारण मला ठाऊक होतं. तरुणपणी एकदा तो तापाने अकरा दिवस आडवा होता, तेव्हा त्याचा कोट चढवून फाटक त्याच्या बायकोनेच सांभाळलं होतं. तिला सांगायचं म्हणजे आधी ते कबूल करायचं. मग भिंतीवरच्या कागदाचं काय?

स्वयंपाकघरातून आवाज आला, "अर्ज द्या म्हणावं. आणि अनुभवाच्या रकान्यात माझे अकरा दिवस लिहायचे."

दोन दिवस तो मान खाली घालून जेवला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने अर्ज पुढे केला. वहिनींनी तो दोनदा वाचला आणि भिंतीवरच्या त्या चौकटीतच कडेला खोचून ठेवला.

गाडी सुटली. गडी गुडघे कानापर्यंत घेऊन बसलेला. टाकीला वळसा घालून येतो, तर वहिनींच्या हातात लाल झेंडी.

"काय झालं?"

"फाटक उघडं आहे. थांबा जरा."

त्यांनी झेंडी दोरीने फाटकाला अडकवली, बादली उचलली, रूळ ओलांडले आणि सावकाश, एकेक चिमटा लावत दोन चादरी वाळत घातल्या.

"भाऊजी, तक्रार करा," मेव्हणा म्हणाला.

"कसली तक्रार? फाटक उघडं तर झेंडी लालच हवी."

फळीवर तो पाठ ताठ करून बसला होता, नवरदेवासारखा. मग मला जवळ बोलावून हळूच म्हणाला, "बघ. एकदा तरी कान खाजवला का तिने?"