न बसणारे दत्तूअण्णा

दत्तूअण्णांना मी बावीस वर्षं ओळखत होतो, आणि त्या बावीस वर्षांत त्यांना बसून जेवताना पाहिलं ते एकदाच. मी अतिशयोक्ती करतो असं आमच्या सोसायटीत बोललं जातं. असेल. पण हे वाक्य मी शपथेवर लिहितोय. पुढच्या सगळ्याच वाक्यांची हमी मात्र मागू नका.

अण्णा वाढपी होते. पुण्यातल्या मंगल कार्यालयांत वाढणाऱ्यांच्या ज्या टोळ्या असायच्या, त्यातल्या एकीचे मुकादम. पांढरा शर्ट, आखूड पायजमा, खांद्यावर पंचा. चारशे पानांच्या पंगतीत ते वरणाची बादली घेऊन शिरले, की पहिल्या पानावरच्या वरणाची वाफ विरायच्या आत शेवटच्या पानाला वरण पोचलेलं असे. माझ्या लग्नात माझे मामेसासरे "नको, नको" म्हणत पानावर दोन्ही हात आडवे धरून बसले होते. अण्णांनी त्यांच्या बोटांखालून जिलेबी सरकवली. मामांना हात उचलल्यावर कळलं. तोवर दोन झाल्या होत्या.

त्यांचं सगळं शास्त्र एवढंच होतं : "सुधाकरराव, पानावरचा माणूस मागत नसतो, बघत असतो. तो कुठं बघतोय ते आपण बघायचं." पाठमोऱ्या माणसाच्या मानेवरून ते सांगत, याला कोशिंबीर हवी आहे. एकदा मी मुद्दाम मान ताठ ठेवून बसलो, तर म्हणाले, "मठ्ठा ना? लाजता कशाला?" मला मठ्ठाच हवा होता.

मग बुफे आले. अण्णा एका लग्नात गेले, हातात बशी घेऊन उभ्या असलेल्या मंडळींकडे दोन मिनिटं पाहिलं आणि परत आले. "रेशनची रांग हो," म्हणाले, "फक्त शेरवानी घालून." त्या दिवसापासून त्यांनी काम सोडलं. सवय कुठली सुटायला? आम्ही त्यांना जेवायला बोलावलं, तर पाचव्या मिनिटाला माझ्या बायकोच्या हातातलं पातेलं त्यांच्या हातात. "वहिनी, तुम्ही बसा बरं." माझ्या घरात मी पाहुणा आणि ते यजमान! सगळ्यांचं झालं की स्वयंपाकघरात ओट्याला टेकून, उभ्याउभ्या, चार घासांत त्यांचं जेवण आटपे. मी पाच मोजलेले नाहीत.

अण्णांना जाऊन आता वर्ष होईल. त्यांची मुलगी मृदुला आमच्याच डोळ्यांसमोर मोठी झाली. हॉटेल मॅनेजमेंट केलं, दोन वर्षं व्हिएतनाममध्ये काम केलं आणि परत येऊन बाणेरला व्हिएतनामी जेवणाचं रेस्टॉरंट काढलं. नुसतं व्हिएतनामी नव्हे, फ्यूजन. म्हणजे तिकडचं सूप आणि त्यात आपलं आमसूल. पाटीवरच्या रोमन अक्षरांना वरखाली इतकी चिन्हं चिकटलेली, की आपल्या काना-मात्रा-वेलांट्यांनी शरमेनं मान खाली घालावी.

अण्णा हयात होते तेव्हाची गोष्ट. एक दिवस ती माझ्याकडे आली. "काका, निम्मं पुणं माझ्या हातचं जेवून गेलं. बाबा येतात, किचनमध्ये उभ्यानं चमचाभर चाखतात, 'छान' म्हणतात आणि भांडी पुसायला लागतात. मी एकोणतीस वर्षांची झाले. ते एकदाही माझ्या हातचं जेवले नाहीत. रविवारी दुपारी घेऊन या त्यांना. फक्त खुर्चीवर बसवून ठेवा, बाकी मी बघते."

फक्त! मला कोणी सिंहगड पाठीवर घेऊन मंडईपर्यंत चालायला सांगितलं असतं तर मी लगेच हो म्हटलं असतं. तरी कबूल झालो.

रविवारी अण्णांचा पंचा मी घरीच ठेवायला लावला. रिक्षाभर ते रिकाम्या खांद्याला हात लावून बघत होते. रेस्टॉरंटमध्ये मी त्यांना भिंतीकडच्या खुर्चीत बसवलं, टेबल पुढं ओढलं आणि बाहेरच्या बाजूला स्वतःला ठेवलं. माझं वजन त्या काळात या कामाला पुरेसं होतं.

आत भर दुपारी मिणमिणता उजेड.

"लाइट गेलेत का?" अण्णांनी विचारलं.

"नाही हो. ॲम्बियन्स आहे."

"बरं. माणसाला आपण काय खातोय ते दिसू नये, अशी सोय दिसते."

पहिल्यांदा कैरीचं सॅलड आलं. वर भाजलेले दाणे, पुदिना, मिरची. अण्णांनी ते नुसतं पाहिलं. "ही आपली कोशिंबीरच की! हिला फक्त पासपोर्ट मिळालाय." मृदुला आतून काचेतून बघत होती. मी म्हटलं, "अण्णा, घास घ्या." त्यांनी काटा उचलला, आणि तेवढ्यात त्यांची नजर शेजारच्या टेबलावर गेली.

तिथं एका नातवंडांच्या घोळक्यानं आपल्या आजीला आणलं होतं. समोर तांदळाचे पातळ, पारदर्शक कागद, पालेभाज्यांची ताटली आणि कोमट पाण्याचं भांडं. कागद पाण्यात भिजवायचा, त्यात पाला भरायचा आणि आपली आपण गुंडाळी करायची, असा प्रकार. नातवंडं फोटो काढण्यात गुंतलेली. आजींनी कोमट पाणी पाहिलं, ताटलीतलं लिंबू त्यात पिळलं आणि स्वच्छ हात धुतले. मग एक कागद उचलून वेटरला म्हणाल्या, "अरे, हे पापड कच्चेच आणलेस. भाजून आण जरा."

वेटर नवा होता. तो खरंच पापड घेऊन आत निघाला.

"बसा," मी अण्णांचा गुडघा दाबून म्हटलं.

"अहो, त्या बघतायत."

"बघू देत. अण्णा, मृदुलाही बघतेय."

"भूक लागलीय हो त्यांना!"

पुढचं मला नीट आठवत नाही. मी, टेबल आणि भिंत, तिघंही होतो तिथंच होतो आणि अण्णा पलीकडे होते. टेबलावरून गेले की खालून, यावर आजही एकमत नाही. त्यांनी तो कागद जन्मात पहिल्यांदा पाहिला होता. कोपऱ्यातल्या एका मुलीनं तो कसा गुंडाळला, हे त्यांनी एकदाच पाहिलं. पाणी बदलून आणलं, कागद भिजवला, पाला, गाजर, दाण्याचं कूट घालून अशी घट्ट गुंडाळी केली, की हनोईत कोणी पाहिली असती तर त्यांना तिथंच ठेवून घेतलं असतं. आजींच्या पानात ती ठेवून कमरेत वाकले. "आवडली का? आणखी एक. अहो, पाला आहे नुसता, पोटात कळणारसुद्धा नाही!"

आजींनी चार खाल्ल्या. मग पलीकडच्या टेबलावरची आयटीतली पोरं, "अंकल, इकडं पण!" म्हणाली. पंधरा मिनिटांत अण्णांनी अख्खं रेस्टॉरंट वाढून काढलं. सूप नको म्हणणाऱ्यानं दोनदा घेतलं. वेटर मागं ओळीनं उभे. लोक टाळ्या वाजवायला लागले, मीही वाजवल्या. मला वाटलं, मृदुला खूश होणार.

ती बाहेर आली. एप्रनला हात पुसत अण्णांसमोर उभी राहिली. टाळ्या आपोआप थांबल्या.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "सगळे तुमच्या हातनं जेवले. आता मी कोणाला वाढू?"

अण्णांच्या हातात सुपाचा वाडगा होता. "तू बस ना," ते म्हणाले. "दमली असशील. मी वाढतो तुला."

"लहानपणापासून वाढलंत. मला कधी वाढू दिलंत? आई होती तोवर तिलाही नाही." तिनं त्यांच्या हातातला वाडगा काढून घेतला. "मी एवढं लांब जाऊन शिकून आले, बाबा. तुम्ही चमचाभर चाखून जाता."

अण्णांनी इकडंतिकडं पाहिलं. त्या माणसाला पुढं काय करायचं ते ठाऊक नाही, असं मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं. मग ते आमच्या टेबलाशी आले आणि खुर्चीवर बसले. हात कुठं ठेवायचे ते कळेना. आधी मांडीवर ठेवले, मग टेबलावर, मग परत मांडीवर.

मृदुलानं वाढलं. आमसुलाचं सूप, तांदळाच्या शेवया, मटकीची गुंडाळी, सगळं एकेक करून, स्वतः. अण्णांनी पहिला घास घेतला, मग दुसरा.

"कसं झालंय?" तिनं विचारलं.

लाखभर माणसांना अण्णांनी हा प्रश्न विचारला असेल. (लाख कमीच सांगतोय.) त्यांचे डोळे भरून आले.

"मला नाही गं सांगता येत," ते म्हणाले. "मला कधी कोणी विचारलंच नाही."

"सांगू नका मग. जेवा."

आणि अण्णा जेवले. चार घासांत नाही, चांगला पाऊण तास. शेवयांचा वाडगा रिकामा झाला, तेव्हा त्यांनी तो मृदुलाकडं सरकवला आणि तिनं भरून दिला. मधे मी तिला म्हटलं, "अगं, खुर्ची घे, किती वेळ उभी राहशील?"

तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"थांबा काका," म्हणाली. "बाबा जेवतायत."