मुक्या यंत्रांचे आप्पा

स्पीकरवर नखानं दोनदा टकटक करायची, घसा साफ करायचा आणि म्हणायचं, "हं, बोल बाई." संगणक बोलला तर ठीकच. नाही बोलला तर आप्पा तितक्याच शांतपणे सांगायचे, "आवाज हाय गं. वाट चुकलाय." मग खुर्ची ओढायचे आणि वाट चुकलेल्या आवाजाला शोधायला बसायचे.

ते दिसायला कसे होते, हे मला विचारू नका. मी जन्मापासून काहीच पाहिलेलं नाही, तेव्हा आप्पांना तरी कुठून पाहणार? तुमच्यापैकी कुणी त्यांना कंग्राळीहून सायकलवर येताना पाहिलं असेल, तर उलट तुम्हीच मला सांगा. मला ठाऊक आहे ते एवढंच की उजव्या पायाची चप्पल ते जरा घासत चालायचे. पहाटे धारा काढून यायचे, म्हणून सकाळी त्यांच्या अंगाला गोठ्याचा वास असायचा. दुपारनंतर तो जाऊन वायरींना कथलाचा डाग देण्याच्या धुराचा वास यायचा.

बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका कॉलेजात ते संगणकाच्या खोलीत मदतनीस होते आणि मी ग्रंथालयात कारकून. वयानं माझ्या वडिलांएवढे, पण मला 'आक्का' म्हणायचे आणि बोलायचे मात्र 'तू' म्हणून. आमच्याकडे यात कुणाला काही खटकत नाही.

मी निपाणीची. आई तंबाखूच्या वखारीत राबली आणि तिनं मला ब्रेलवर बी. ए. करवलं. नोकरीचं पत्र आलं तेव्हा तिनं अख्ख्या गल्लीला पेढे वाटले होते. इथं आले तर त्यावेळचे प्राचार्य मायेनं म्हणाले, "तुम्ही नुसत्या बसा. तुमचं काम बाकीचे बघतील." माया खरी होती, खोटं कशाला बोलू? पण अडीच महिने मी त्या मायेत बसून काढले. आई फोनवर विचारायची, आज काय काम केलंस, आणि मी थापा मारायची. त्या खुर्चीचा मला इतका राग यायचा की कधी कधी मुद्दाम उभी राहायची.

अशीच एकदा उभी असताना आप्पा वायर बदलायला आले. टेबलाखालूनच त्यांनी विचारलं की मी दिवसभर काय करते. मी म्हटलं, बसते. त्यांनी वायर घट्ट केली, पक्कड खाली ठेवली. मग ते म्हणाले की पडदा वाचून दाखवणारी एक बाई या संगणकात असते म्हणे, तिला उठवून बघू.

आमच्या कॉलेजात सगळे संगणक लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालायचे. कॉलेजनं लिनक्स घेतलं ते फुकट म्हणून. आप्पांनी त्याला जीव लावला तो आतपर्यंत उघडून बघता येतं म्हणून. तरुणपणी कॅम्पातल्या एका दुकानात त्यांनी फौजी कुटुंबांचे रेडिओ दुरुस्त केले होते. झाकणाला स्क्रू नसलेली कुठलीही वस्तू त्यांना लबाड वाटायची.

बाईला उठवायला तीन दिवस लागले. साउंड कार्ड म्हणजे संगणकाचा गळा आणि ड्रायव्हर म्हणजे त्या गळ्याकडून काम करून घेणारा प्रोग्रॅम, इतकं मला पहिल्याच दिवशी समजावून झालं. तो दिवस ड्रायव्हर शोधून बसवण्यात गेला. दुसऱ्या दिवशी कळलं की आत कार्डं दोन आहेत. एक स्पीकरचं आणि एक पडद्याच्या वायरीतून आवाज पाठवणारं, आणि आमच्या पडद्याला स्पीकरच नव्हते. सगळा आवाज तिकडे जात होता. "पाव्हणा शेजारच्या घरात जाऊन बसलाय," आप्पा म्हणाले, "आणि त्या घरात माणूसच न्हाय."

पाहुण्याला बरोबर घरी आणायचं म्हणजे एका फाइलीत कार्डाचा नंबर लिहायचा. यादीत स्पीकरचं कार्ड दुसरं होतं म्हणून आप्पांनी दोन लिहिलं. आवाज नाही. पुन्हा तपासलं, पुन्हा दोनच लिहिलं. संध्याकाळी त्यांच्या लक्षात आलं की हे यंत्र शून्यापासून मोजतं. म्हणजे दुसऱ्याचा नंबर एक, आणि दोन नंबरचं घर त्या गल्लीत नव्हतंच. त्यानंतर कितीतरी दिवस ते चहासुद्धा "शून्य, एक" असा मोजून आणायचे.

तिसऱ्या दिवशी घर बरोबर झालं, तरी बाई गप्प. आवाज कमी-जास्त करायला पडद्यावर उभ्या पट्ट्या असतात, आणि जी पट्टी बंद असेल तिच्याखाली इंग्रजी एम दोनदा उमटतो. आप्पांनी ते मराठीतच वाचलं. "म म. म्हणजे मुका. मराठीत बी मुका, कन्नडात बी मूका. हे बरं केलंय त्येनी, दोन्हीकडं भांडण न्हाय." मग त्यांनी एमचंच बटण दाबलं आणि स्पीकरमधून एक घोगरी बाई माझ्याशी बोलायला लागली. पडद्यावर काय आहे ते मला सांगायला लागली. मी रडले. सगळ्या ग्रंथालयासमोर रडले आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही.

पुढे त्या बाईला माणसात आणण्याचं काम कितीतरी महिने चाललं. आमच्या ग्रंथालयात पुस्तकं तीन भाषांतली. सुरुवातीला ती मराठी नावं हिंदीच्या हेलात वाचायची आणि कन्नड अक्षर आलं की अडखळायची. आप्पांनी तिच्यासाठी तिन्ही आवाज बसवले. म्हणायचे, बेळगावात राहायचं तर तीन भाषा आल्याच पाहिजेत, बाई असो नाहीतर यंत्र. मला तिचं बोलणं भरभर लागायचं आणि त्यांना वाटायचं ती भांडतेय. मी पाठ फिरवली की ते तिचा वेग कमी करून ठेवायचे. मी पुन्हा वाढवायची. यावरून आमचं खरंच एकदा वाजलं होतं आणि ते दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते.

एकदा माझ्या आठवडाभराच्या नोंदी दुसऱ्याच कारकुनाच्या नावावर चढल्या आणि त्याची शाबासकीही त्यानंच घेतली. आप्पांना हे कळल्यावर ते संतापून म्हणाले, "बग, आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय." त्यांना जीभ चावल्यासारखं झालेलं मला न बघताही दिसलं. मी म्हटलं, दळणारी मी, ते ठरलं, पण कुत्रं कोण ते नीट नावानिशी सांगा. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्यानंतर आमच्यात आडपडदा राहिला नाही.

एक भीती मात्र माझ्या मनात कायम होती. दोन-तीन महिन्यांनी संगणकावर नवं अपडेट यायचं आणि आवाज जायचा. कधी पाहुणा पुन्हा रिकाम्या घरात, कधी सगळ्या पट्ट्या मुक्या. मग आप्पा यायचे, टकटक करायचे, दुरुस्त करायचे. पण त्यांची निवृत्ती जवळ येत होती. ते गेल्यावर ज्या दिवशी आवाज जाईल, त्या दिवशी मी पुन्हा खुर्चीत. मी हे त्यांना बोलून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, शिक. मी चिडले. आवाज असला तर मला पडदा कळणार, आणि दुरुस्त तर आवाजच करायचा आहे. विहिरीत पडलेला दोर काढायला दुसरा दोर कुठून आणू?

महिनाभरानं एका दुपारी आप्पांनी भंगारातल्या जुन्या संगणकातून पावलीएवढा भोंगा काढून आणला. जुने संगणक चालू करताना एकदा 'टिट्' करतात ना, तोच. त्याला साउंड कार्ड लागत नाही, ड्रायव्हरही लागत नाही, दोन वायरी पुरतात. तो त्यांनी माझ्या संगणकात बसवला आणि एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. ठरलेली बटणं दाबली की भोंगा बिघाड सांगणार. एकदा टिट्, सगळं ठीक. दोनदा, मुका. तीनदा, पाहुणा दुसऱ्या घरात. लांब वाजला, तर कार्डच सापडत नाही. प्रत्येकाचा इलाज त्यांनी माझ्याकडून बोटांवर पाठ करून घेतला, कुठलं बटण किती वेळा.

मी म्हटलं, एवढं लिहिता येतं तर दुरुस्तीसुद्धा आपोआप होईल असंच लिहा की. ते म्हणाले, "आपोआप झालं तर तुला काय झालंय ते कळणार न्हाय. ते बिघडलं की परत माझ्याच नावानं वरडशील." पुढच्या दोन महिन्यांत ते रोज गुपचूप काहीतरी बिघडवून ठेवायचे आणि मी शिव्या देत दुरुस्त करायची. पण ते शेजारी बसलेले असायचे. त्यांच्या श्वासावरून मला कळायचं, चुकतंय की बरोबर आहे.

ते निवृत्त झाले. त्यानंतरच्या मे महिन्यातली गोष्ट. सुट्टीमुळे कॉलेज ओस, ग्रंथपाल गावाला, फाटकावर एक वॉचमन. नव्या प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं होतं की देणगीत आलेल्या पुस्तकांची यादी सोमवारी तपासणी समितीपुढे ठेवायची आहे. जमणार नसेल तर बाहेरून माणूस आणतो, तुम्ही बसा. मी म्हटलं, जमेल. शनिवारी सकाळी संगणक चालू केला. सुट्टीत कुणीतरी अपडेट करून ठेवलं होतं. बाई गप्प.

मी आप्पांना फोन लावला. आवाज बारीक येत होता, मला वाटलं रेंज नाही. या ना, रिक्षा पाठवते, म्हटलं.

"न्हाय येत."

"आप्पा, सोमवारी यादी द्यायची आहे. नाही दिली तर मला पुन्हा बसवतील."

"भोंगा हाय न्हवं? वाजीव. मी आलो तर तू कवाच शिकायची न्हाईस."

मला असा राग आला म्हणता. फोन बंदसुद्धा न करता मी तो टेबलावर आपटला. रिकाम्या ग्रंथालयात मोठ्यानं बोलले की निवृत्त झालं की माणसं बदलतात, म्हातारं हट्टी आहे, गरज होती तेव्हा आक्का-आक्का आणि आता यायला पाय दुखतात. आणखीही बोलले, ते इथं लिहीत नाही. मग बटणं दाबली. टिट्, टिट्, टिट्. पाहुणा दुसऱ्या घरात. पाठ केलेली फाइल उघडली, चाचपडत नंबर बदलला, चुकला, पुन्हा सगळं पहिल्यापासून. बऱ्याच वेळानं टिट्, टिट्. मुका. चुकून दुसरीच पट्टी उघडली, पुन्हा टिट्, टिट्. मी उठले, पाणी प्याले, परत बसले. पट्ट्या मोजत गेले आणि एम दाबला. भोंगा एकदाच वाजला. आणि बाई भांडायला लागावी तशी भरभर बोलायला लागली.

आता आप्पांना चांगलं सुनवावं म्हणून मी मोबाइल उचलला. मोबाइलनं सांगितलं, कॉल चालू, बेचाळीस मिनिटं.

मी हाक मारली. पलीकडून मावशी, म्हणजे आप्पांची बायको, अगदी हळू आवाजात बोलली. "हळू बोल गं. आत्ताच डोळा लागलाय त्येंचा." ते मंगळवारपासून दवाखान्यात होते. श्वास पुरत नव्हता, उठून बसता येत नव्हतं. डॉक्टर ओरडत असतानाही त्यांनी फोन कानापासून हलवू दिला नव्हता. "एकदा टिट् झालं आणि म्हणाले, झालं. चार दिस झोप न्हवती बघ त्येस्नी."

आप्पा त्यानंतरच्या मंगळवारी गेले. त्याआधी, रविवारी, मी यादी छापून घेऊन दवाखान्यात गेले. आत शिरताच ते म्हणाले, "शिव्या लई चांगल्या देतीस गं, आक्का." मी माफी मागायला लागले तर ते नको म्हणाले आणि यादी मागितली. कागद त्यांच्या हातात नुसताच वाजला. चष्मा घरी राहिला होता. "तूच वाच," म्हणाले.

छापलेलं मला वाचता येत नाही, हे त्या क्षणी ते विसरले होते. पण ती यादी मी दोन दिवस कानांनी घोटली होती. त्यांचा हात हातात घेऊन मी पहिल्या पुस्तकापासून सुरुवात केली, त्यांना आवडायचं तसं सावकाश. लेखक, नाव, भाषा. अर्ध्यावर आले तोवर त्यांचा श्वास जड आणि एकसारखा झाला होता. मावशी म्हणाली, झोपले, आता थांबलीस तरी चालेल. मी थांबले नाही, शेवटच्या पुस्तकापर्यंत वाचलं.