वाफेच्या मशीनचं पाणी

आमची सून स्कूटरी दुरुस्त करते. लग्नात नातेवाइकांनी नाकं मुरडली, म्हणे ग्रीसच्या हातांची सून! मी म्हटलं, तुमच्या घरी नाही ना येत? मग जेवा आणि निघा.

ती किती हट्टी आहे, ते मात्र नात आजारी पडल्यावर कळलं. पोरीला रक्ताचा कॅन्सर. बापाचा बोन मॅरो देऊन वाचवली, घरी आणली, आणि थोड्याच दिवसांत खोकला. अंथरुणातून उठली तरी धाप लागायची.

परत वॉर्डात. थुंकी तपासली, रक्त तपासलं, कशातच काही सापडेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नवा मॅरो फुप्फुसावर उलटला असेल तर स्टेरॉईड वाढवावं लागेल. पण आत जंतू असला तर त्या औषधानं तो आणखी माजेल. नळी घालून फुप्फुसातलं पाणी काढू. त्यात ज्या ज्या जंतूंची जनुकं असतील ती मशीन वाचेल. पण नळीचाही धोका आहे."

"नको," माझा मुलगा म्हणाला, "पोर आधीच अर्धी झालीय." मीही त्याचीच री ओढली.

सून म्हणाली, "आई, उघडून बघितल्याशिवाय मी कुणाच्या गाडीचा पार्ट बदलत नाही. ही तर माझी पोर आहे." आणि सही ठोकली. मी तिच्याशी बोलणं टाकलं. तिला फरक पडला असेल तर शपथ!

जंतू निघाला. साठलेल्या पाण्यात वाढणारा. घरी पाण्याचं काही यंत्र आहे का, बाईंनी विचारलं, तशी सून पांढरीफटक पडली. खोलीतली हवा कोरडी नको म्हणून गार वाफ सोडणारं मशीन तिनंच लावलं होतं. पाणी उकळून, गाळून, झाकून ठेवायची. पण टाकी कधी रिकामी केली नाही, नुसती वरून भरत राहिली. एवढं उकळलेलं पाणी ओतून द्यायला तिचा जीव होईना. वर वॉर्डातल्या इतर पोरांच्या आयांनाही तेच मशीन घ्यायला लावलं होतं.

औषध बदललं. मुलगा हळूच म्हणाला, "मशीन फेकून दे. कुणाला कळायला नको."

दुसऱ्या दिवशी ती मशीन काखोटीला मारून वॉर्डात हजर. सगळ्या आयांसमोर टेबलावर ठेवलं. "बाई, यातलं पाणीही वाचा. आणि तुम्ही सगळ्या तुमची मशीनं आजच बंद करा."

एक आई म्हणाली, "म्हणजे तूच पोरीला आजारी पाडलंस?"

"हो, मीच. आता घरी जा आणि टाकी उघड."

माझे पाय आपोआप तिच्या शेजारी जाऊन थांबले. काय अभिमान वाटला मला त्या पोरीचा!

टाकीत तोच जंतू निघाला. शेजारच्या खाटेवरच्या मुलाच्या घरच्या टाकीतही निघाला, त्याच्या छातीत पोचायच्या आत.

आमची नात आता धावत जिना चढते. तरी कुणी कुणी कुजबुजतं, आईनंच पोरीला मरणाच्या दारात नेलं म्हणून. माझ्यासमोर म्हणा एकदा. जीभ हासडून हातात देईन.