एकतीस तारखेनंतरची एक तारीख

आमची गल्ली देवळापासून जवळ, त्यामुळे सकाळ उजाडायच्या आतच भाविकांच्या जीपगाड्या दोन्ही बाजूंना लागलेल्या असायच्या. त्यातली एखादी हमखास आमच्या फाटकासमोर. माझी बिनगिअरची दुचाकी आत अडकायची आणि मी हँडल धरून गप्प उभी राहायची. अनोळखी माणसाला हाक मारून गाडी काढायला सांगणं मला जमत नसे. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे माझं मराठी पुस्तकी होतं. 'कृपया' म्हटलं की गल्ली हसते, हे मी लहानपणीच अनुभवलं होतं.

पूर्वी बाबा गॅलरीतून ओरडायचे आणि ड्रायव्हर धावत यायचा. पण त्या वर्षी त्यांच्या छातीत दुखलं आणि डॉक्टरांनी त्यांचा चढा आवाज बंद केला. नेमकी तेव्हाच मला जयसिंगपूरच्या एका शाळेत नोकरी लागली होती. स्टँडवर दुचाकी ठेवून सकाळची एस.टी. पकडायची. ती दोनदा चुकली. मुख्याध्यापिका शांतपणे म्हणाल्या, "पुन्हा असं झालं तर मला दुसरी शिक्षिका बघावी लागेल." घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, "मग राहू दे. जवळ काहीतरी मिळेल." मला जवळचं नको होतं. वर्गात मुलांसमोर माझा आवाज निघत होता, याचं मलाच अजून नवल वाटत होतं.

त्याच महिन्यात गल्लीत पाट्या लागल्या. सम तारखेला गाड्या आमच्या बाजूला, विषम तारखेला समोरच्या. कोपऱ्यावर रोज म्हैस उभी करून गिऱ्हाइकासमोर धार काढणारे दूधवाले मामा हवालदाराला म्हणाले, "सायेब, म्हशीला तारीख कळत न्हाय. तिनं काय करायचं?"

"तिला पावती न्हाय. तुमाला हाय," हवालदार म्हणाला, आणि पेले हातात धरून उभी असलेली माणसं फिस्कन हसली.

नियम बरा चालला. सम तारखेला शेजारच्या काकू आमच्या फाटकासमोर तुळशीची रिकामी कुंडी आणून ठेवायच्या, म्हणजे तिथं कुणी गाडी लावायचं नाही. विषम तारखेला कुंडीची गरजच नव्हती. आज इकडे, उद्या तिकडे, असं गल्लीच्या अंगवळणी पडलं. मला वाटलं, आता कुणाशी बोलावं लागणार नाही.

मग महिना संपला. एक तारखेला सकाळी मी पर्स अडकवून खाली आले, तर आमच्या बाजूला ही रांग! काकूंची कुंडी यायच्या आतच फाटकाला चिकटून एक जीप लागलेली. काल समोर लावल्या म्हणून आज सगळ्यांनी इकडे लावल्या होत्या. गल्लीतल्यांनी तर स्वतःच्या स्कूटरीसुद्धा आणून ठेवल्या होत्या. पण काल एकतीस होती आणि आज एक. दोन्ही विषम. आजही गाड्या समोरच हव्या होत्या.

वर बाबा गॅलरीत आले. त्यांनी तोंड उघडलं आणि आईनं त्यांचा हात धरला.

मी कोपऱ्याकडे बघितलं. दुधाचा पेला तोंडाला लावून जीपचा ड्रायव्हर उभा होता.

"ओ पावणं!" मी ओरडले. "गाडी काढा की! आज बाजू बदलायची न्हाय!"

आवाज एवढा मोठा निघाला की म्हशीनंही मान वळवली.

"बदलायची न्हाय कशी?" काकू ओट्यावरून म्हणाल्या. "काल तिकडं हुत्या की."

"काल एकतीस होती काकू. एकतीस विषम, एक विषम. क्रेन आली तर सगळ्यांच्या गाड्या उचलून नेईल."

काकूंनी बोटांवर काहीतरी मोजलं. "आत्ता गं बया! पोरगी बरोबर बोलतीय!" आणि मग त्यांनी गल्लीभर हाका घातल्या. कुणी लुंगीवर, कुणी तोंडात ब्रश धरून, गल्ली आपापल्या गाड्या ढकलत समोर न्यायला लागली.

"आमची म्हस बघा," मामा म्हणाले, "पयल्यापास्नं बरोबर बाजूला हाय."

ड्रायव्हरनं ओठांवरचा फेस पुसत जीप मागं घेतली. मी दुचाकी बाहेर काढली. वर बघितलं, तर बाबा कठड्यावर दोन्ही हात टेकून हसत होते, आवाज न करता.

"बाई," ड्रायव्हरनं विचारलं, "उद्या परत भाडं घिऊन येणार हाय. मग उद्या कुठं लावू?"

"उद्या आमच्या बाजूला," मी गाडी सुरू करत म्हणाले. "पण फाटक सोडून."

एस.टी. सुटायच्या बेतात होती, पण मिळाली. खिडकीजवळ बसल्यावर लक्षात आलं, माझा घसा दुखत होता. पहिल्या तासाला मुलांना मीच कविता म्हणून दाखवायची होती.